आठ बिल्ल्यांची फळी

जरा डोळे मिटा आणि एक फळी समोर आणा. पाटाएवढी असेल. तिच्यावर थंड पेयाच्या बाटल्यांचे आठ बिल्ले, म्हणजे पत्र्याची बुचं, ठोकलेत, पण खिळे मुद्दाम सैल ठेवलेत, बोट टेकलं की टक वाजावं म्हणून. प्रत्येक बिल्ल्यावर खडूने एक इंग्रजी अक्षर काढलंय. मधल्या ओळीत ए, एस आणि डी अगदी खेटून बसलेत. खाली सी, बी, एन. वर आर, आणि दूर उजव्या टोकाला पी, रुसून बाजूला बसलेल्या पाहुण्यासारखा. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत संगणकाच्या एवढ्याच कळा लागतात. ए, बी, सी, डी ही उत्तरं. एन म्हणजे पुढचा प्रश्न, पी म्हणजे मागचा. एस म्हणजे झाली माझी परीक्षा, घ्या. आणि आर म्हणजे नाही, चुकून दाबलं, मला परत जाऊ द्या.

आता बोटं ठेवा त्या फळीवर. खाली बघायचं नाही हं. आणि असंही समजा, की गेल्या वर्षी तुम्ही खऱ्या परीक्षेत डी दाबायला गेलात आणि शेजारचा एस दाबला गेला. पडद्यावर चौकट उमटली, ‘परीक्षा संपवायची आहे, नक्की?’ तुम्ही घाबरून तीच कळ पुन्हा दाबलीत. आणि संपली की परीक्षा. निम्मे प्रश्न बघायचेच राहिले.

जमलं समजायला? मग तुम्ही इक्वोच्या जागी बसला आहात.

त्या शनिवारी कॅलाबारच्या घरात सकाळपासून अंगणात अळकुड्या किसणं चाललं होतं. धाकटा भाऊ एफिओम पोर्ट हारकोर्टहून येणार म्हणजे एकपांग हवंच. आणि एकपांग म्हणजे घरातल्या सगळ्या हातांना काम. किसलेल्या अळकुडीचा चमचाभर गोळा घ्यायचा, अळूच्या कोवळ्या पानात गुंडाळायचा, सुरळी पातेल्यात लावायची, की पुढचं पान. थोरली बहीण आरित, मधली अफिओंग आणि अफिओंगची मुलगी इक्वो अशा तिघी चटईवर बसल्या होत्या.

“हा आला की आपल्या बोटांचे भोग,” आरित म्हणाली. “तिकडे बायको घालत नाही का याला खायला?”

“घालते ना. म्हणून तर शर्टाची बटणं तुटतात त्याच्या.”

आंब्याखालच्या खुर्चीत त्यांचे वडील, एते आर्चिबाँग, जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. एते म्हणजे वडील, पण गल्लीतले सगळेच त्यांना एते म्हणत, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी बेरीज शिकवली होती. त्यांचं लक्ष प्रश्नपत्रिकेवर नव्हतं. ते नातीच्या हातांकडे बघत होते. गेल्या वर्षी निकाल लागला त्या आठवड्यात पोर याच चटईवर रडत बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरचं काही दिसत नसणार, आणि तरी हात सुरळ्या करत होते. एकीसारखी एक. ते पाहून एते उठले होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात बिल्ले मागायला गेले होते. ज्या बोटांना पान न बघता गुंडाळता येतं, त्यांना कळा का नाही शिकता येणार?

तेव्हापासून फळी रोज बाहेर येत होती. गल्लीतल्या संगणकाच्या दुकानात वीज असेल तेव्हा खऱ्या कळांवर, नसेल तेव्हा बिल्ल्यांवर. आणि वीज बहुतेक वेळा नसेच. एतेंनी घाई केली नव्हती. आधी नुसतीच बोटं, मग प्रश्न. सोपे प्रश्न आधी उचलायचे, अडला तर एन दाबून पुढे जायचं, शेवटी पी दाबत मागे यायचं. एका प्रश्नाशी भांडत बसायचं नाही, तो काही तुझा नातेवाईक नाही, असं ते सांगत. तिच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या, करंगळीशेजारच्या बोटाला त्यांनी राफियाचा, म्हणजे ताडाच्या पानाचा, चरचरीत धागा बांधला होता. ते बोट एसवर येतं. धागा टोचला की बोटाला आठवण राहावी, तू झोपून राहायचं.

एफिओमची गाडी फाटकाशी थांबली. तो आत आला, वडिलांसमोर वाकला, दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला. बहिणींनी ठेवणीतले टोमणे मारून घेतले, त्यानेही “तुम्ही दोघी म्हाताऱ्या झालात” म्हणून परतफेड केली. मग स्टूल ओढून तो बसला आणि हसू बाजूला ठेवून म्हणाला, “मी ज्यासाठी आलोय ते आधी बोलून घेतो. सोमवारी इक्वोची नावनोंदणी आहे. तेव्हा परीक्षा कुठल्या गावी देणार ते विचारतात. कॅलाबार लिहू नका. माझ्याकडचं लिहा.”

“का?” अफिओंगने विचारलं. “तिथले प्रश्न वेगळे असतात?”

“प्रश्न तेच. पण एका केंद्रावर माझ्या ओळखीचा माणूस आहे. तिथे मदत होते.”

पानं गुंडाळणारे हात थांबले. फक्त इक्वोचे चालू राहिले.

“कसली मदत?” एतेंनी विचारलं. त्यांना कळलं होतं, पण समोरच्याला त्याचं उत्तर पूर्ण म्हणायला लावायची त्यांची जुनी सवय.

एफिओमने मानेला हात लावला. “शेजारी एक हुशार मुलगा बसवतात, एते. त्याचं झालं की तो हिचं बघतो. एवढंच. सगळे करतात.”

“सगळे म्हणजे कोण?” आरित म्हणाली. “तू केलं होतंस?”

“माझ्या वेळी कागदावर होती परीक्षा.”

“तरी तिसऱ्यांदा नंबर लागला तुझा.”

अफिओंगला हसू आलं. एफिओमला नाही.

“हो, तिसऱ्यांदा. हसा. मधली वर्षं मी चर्चमध्ये मागच्या दाराने जायचो, माहितीये? पुढच्या दाराशी प्रत्येक जण खांद्यावर हात ठेवायचा. ‘काय रे एफिओम, अजून घरीच?’ प्रेमाने विचारायचे, त्याचाच जास्त त्रास व्हायचा. ही पोर मागच्या दाराने जायला नको, म्हणून म्हणतोय मी.”

एतेंनी मुलाकडे पाहिलं. मागच्या दाराचं त्यांना माहीत नव्हतं. ते स्वतः तर रोज पुढच्याच दाराने जात होते.

अफिओंगने हात फडक्याला पुसले. नवरा समुद्रावरच्या तेलविहिरीवर, फोन लागला तर म्हणे, घरातले ठरवतील ते करा. सगळा भार तिच्यावर. “एते,” ती हळूच म्हणाली, “मला वाटतं एफिओमचं ऐकावं. गेल्या वर्षी हिने किती दिवस धड जेवण केलं नाही, ते मी पाहिलंय. पुन्हा नाही बघवणार मला.”

“अगं, तू आई आहेस की कोण?” आरित उसळली. “पोरीला चोरी करायला पाठवतेस?”

“तुझ्या मुलाला फुटबॉलच्या जोरावर घेतलं कॉलेजात, म्हणून तू बोलतेस!”

“बरं, बरं. मग मी सांगते मधला रस्ता.” आरितने चमचा उगारला. “केंद्र कॅलाबारचंच. पण तिला घ्यायचंय ते औषधशास्त्र काढून टाका. त्याला केवढे गुण लागतात! शिक्षणशास्त्र लिहा. कमी गुणांवर घेतात, हिला आरामात मिळेल.”

“हे बरं आहे,” एफिओम लगेच म्हणाला. “हे चालेल मला.”

आणि आता अफिओंग फिरली. “अजिबात नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहते. ही एवढीशी होती तेव्हापासून खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचते. बाकीची पोरं गोष्टी वाचायची, ही ‘जेवणानंतर घ्यावे’ वाचायची. गिऱ्हाइकांना सांगायची, काका, हे दुधाबरोबर घेऊ नका. तिचं तेच काढून टाकू?”

“शिक्षिका होण्यात काय कमीपणा आहे? एते शिक्षकच होते.”

“एतेंना व्हायचंच होतं. गुण कमी पडले म्हणून नाही झाले ते!”

एते मिशीत हसले. घटकेपूर्वी एफिओमच्या बाजूला असलेली मुलगी आता त्याच्या विरुद्ध होती, आणि विरुद्ध असलेली त्याच्या बाजूला. ही तिघं लहानपणी माशाच्या डोक्यावरून अशीच भांडायची. पण ज्या पोरीवरून भांडण चाललं होतं ती अजून बोलली नव्हती.

“आई,” त्यांनी नातीला हाक मारली. इक्वो हे त्यांच्या आईचं नाव. ते नाव पोरीला दिलं त्या दिवसापासून ते तिला आईच म्हणत. मोठी इक्वो बाजारात मासे विकायची. मुलाच्या शाळेची प्रवेश परीक्षा नदीपलीकडे होती, तेव्हा तिने स्वतः होडी वल्हवत त्याला नेलं होतं, आणि काठावर उतरवून म्हणाली होती, इथून पुढे तू. “आई, तुझं काय म्हणणं?”

इक्वोने हातातली सुरळी पातेल्यात लावली.

“मामा, तो शेजारचा मुलगा पहिल्या वर्षालाही येईल ना? मला लागेल तो.”

आरित फिस्सकन हसली. एफिओमने डोळे वटारले, पण इक्वो हसत नव्हती.

“चेष्टा नाही करत. मागच्या दाराचं तुम्ही सांगितलंत, मला वाईट वाटलं. पण मला उत्तरं येत होती, मामा. गेल्या वर्षीही येत होती. कळा येत नव्हत्या.”

“आणि आता येतात?” एफिओमने भिंतीला टेकवलेली फळी उचलली, उलटसुलट पाहिली. “या बिल्ल्यांवर? एते, अहो पोरीला शेकडो संगणकांच्या हॉलमध्ये बसायचंय. तिथे गार हवा, डोक्यावर कॅमेरे, वेळ धावतेय. इथे आंब्याखाली बसून…”

“मग तुम्ही करा हॉल,” इक्वो म्हणाली. “घ्या माझी परीक्षा. हवा तेवढा गोंधळ घाला. मी कोलमडले तर सोमवारी तुमचं गाव लिहीन, एक शब्द बोलणार नाही. नाही कोलमडले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

एतेंनी मांडीवरचा गठ्ठा खाली ठेवला. त्यांनी कधीच अशी पैज लावू दिली नसती. अजून सराव पुरा झाला नव्हता, अजून दोन महिने हातात होते. पण पोरीने शब्द टाकला होता, आणि एफिओमने तो झेलला होता.

“ठीक आहे. आधी तो धागा काढ. हॉलमध्ये अंगावर काही ठेवू देत नाहीत.”

इक्वोने बोटाकडे पाहिलं, मग आजोबांकडे. एतेंनी मान हलवली. एफिओमचं बरोबर होतं. धाग्याचं त्यांनी आधीच बघायला हवं होतं. तिने दातांनी गाठ सोडली.

फळी स्टुलावर ठेवली. इक्वोने आंब्याच्या बुंध्याकडे तोंड केलं, बोटं बिल्ल्यांवर टेकवली. एते तिच्या मागे, खांद्यावरून फळी दिसेल असे बसले. “मी पडदा,” ते म्हणाले. “कुठली कळ पडली ते सांगेन. पडदा बाकी काही बोलत नाही. तुम्हीही कुणी बोलायचं नाही तिच्याशी.”

एफिओमने जाऊन जनरेटर चालू केला. त्याचा भडभडाट अंगणभर पसरला. शेजारच्या चर्चमध्ये तुताऱ्यांची तालीम आधीच चालली होती, तिला जोर चढला. वर तो मोबाइलवर फुटबॉलचं समालोचन लावून तिच्या कानाशी उभा राहिला.

“चालू!” तो ओरडला.

अफिओंग प्रश्न वाचू लागली. पान सूर्यप्रकाशात अन्न बनवताना कुठला वायू घेतं? टक. “सी,” एते म्हणाले. टक. “एन.” आरितने इंग्रजीचा प्रश्न टाकला. टक, टक. “ए. एन.” रसायनातला एक लांबलचक प्रश्न आला, इक्वो क्षणभर थांबली, आणि उत्तर न देताच टक. “एन,” एते म्हणाले, आणि मनातून म्हणाले, शाब्बास, सोड त्याला, नंतर बघू. एफिओम तिच्याभोवती फेऱ्या मारत होता. “वेळ संपत आली! कॅमेरा बघतोय तुझ्याकडे! शेजारचा उठलासुद्धा!” तिची बोटं चालतच होती. एतेंनी बोटं टेकवायला शिकवली होती, पण हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. पोरीने कान दुसरीकडे ठेवून दिले होते.

मग एफिओमने अफिओंगच्या हातातला कागद ओढून घेतला. विजेचं काम त्याचं रोजचं, प्रश्नही त्याने तसलाच काढला.

“सहा ओहमचे दोन रोध समांतर जोडले. मिळून किती? ए बारा, बी सहा, सी छत्तीस, डी तीन. लवकर! लवकर!” आणि शेवटच्या शब्दाला त्याने पातेल्याचं झाकण तिच्या मागे जमिनीवर आपटलं.

इक्वो दचकली. टक.

एतेंनी पाहिलं. मधलं बोट नाही, तिसरं. धागा काढलेलं. डी नाही.

“एस,” ते म्हणाले.

आरितने तोंडावर हात धरला. अफिओंग अर्धवट उठली. एफिओमने फेऱ्या थांबवल्या, समालोचनही बंद केलं. जनरेटर आणि तुताऱ्या तेवढ्या वाजत राहिल्या. नातीची मान ताठ झालेली एतेंना दिसत होती. आता चौकट येते. आणि चौकट म्हणजे ते स्वतः. त्यांना वाटलं, नुसतं ‘आई’ म्हणावं. तेवढ्याने तिला कळेल. एवढीशी मदत तर कुठलाही आजोबा करेल.

होडी काठाला लावून परत फिरलेल्या बाईची पाठ त्यांना आठवली. तिने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

“परीक्षा संपवायची आहे,” ते कोरड्या आवाजात म्हणाले. “नक्की?”

इक्वोने श्वास आत घेतला. तिसरं बोट बिल्ल्यावरून उचललं, हवेत धरलं. मग पहिलं बोट वर सरकलं, थोडं चाचपडलं, थांबलं.

टक.

“आर,” एते म्हणाले. “प्रश्न पुन्हा पडद्यावर. सहा ओहमचे दोन रोध, समांतर.”

टक. “डी.” टक. “एन.”

“पुढचा विचारा ना, मामा,” इक्वो म्हणाली. “वेळ जातोय माझा.”

एफिओमने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. मग त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याच्या पुढचा, आणि त्याचा आवाज हळूहळू परीक्षकाचा राहिला नाही, मामाचा झाला. शेवटी इक्वो पी दाबत मागे गेली, सोडलेल्या प्रश्नावर थांबली, डोळे आंब्याच्या सालीवर रोखून मनात मांडणी केली आणि उत्तर दिलं. सगळं झाल्यावर तिने स्वतःहून एस दाबलं.

“परीक्षा संपवायची आहे, नक्की?”

“हो. नक्की.” टक.

एफिओमने जाऊन जनरेटर बंद केला. चर्चमधली तालीमही संपली होती, एकदम शांत झालं. अफिओंग फडक्याने नव्हे, हातातल्या अळूच्या पानानेच डोळे पुसत होती, आणि आरित तिला ओरडत होती, “अगं, खाज सुटेल, वेडे!”

“कॅलाबार लिहा,” एफिओम म्हणाला. कुणाकडे न बघता तो चटईवर बसला आणि एक पान उचलून गोळा गुंडाळायला लागला. गोळा दोन्हीकडून बाहेर आला. “त्या माणसाला मी सांगतो, नको म्हणून. आणि इक्वो, परीक्षेच्या आधीचा आठवडा मी येतो इथे. गोंधळ घालायला कुणीतरी लागेल ना.”

“तुझ्याइतका कुणाला जमतोय,” आरित म्हणाली. “आणि विषय? ते ठरायचंय अजून.”

“पहिला पर्याय औषधशास्त्र,” इक्वो म्हणाली. “दुसरा मावशीचा. शिक्षणशास्त्र, पण रसायनाचं. तिथे गेले तरी मला आवडेल. पण आधी पहिला.”

आरितला काही बोलायचं होतं, पण तिचा पर्याय अर्जात चढणार म्हटल्यावर तिने ते गिळलं. “मीठ बघा रे पातेल्यातलं,” असं काहीतरी म्हणत ती चुलीकडे गेली.

पाम तेलाचा आणि सुकटीचा वास अंगणात पसरला. ताटं वाढली गेली. एफिओमच्या उसवलेल्या सुरळ्या ओळखून त्याच्याच ताटात घालण्यावरून पुन्हा भांडण लागलं. एतेंनी पाहिलं, इक्वोचं ताट तसंच होतं. ती हौदाशी उभी राहून फळी धूत होती. तळव्याने तिने एकेक बिल्ला घासला. ए गेला, डी गेला, एस गेला. खडूचं पांढरं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं. आठही बिल्ले कोरे झाले, कुठला कुठला ते सांगता येईना.

“आई, आधी जेवून घे,” एते म्हणाले. “निवेल.”

“एकदाच, एते. पहिल्यापासून.”

ती ओली फळी घेऊन त्यांच्या पायाशी बसली. राफियाचा धागा अजून तिथेच पडला होता, तो तिने उचलून त्यांच्या हातात ठेवला. मग डावा हात बिल्ल्यांवर टेकवला, तिसरं बोट किंचित वर धरलं, आणि डोळे मिटले.